देवगिरी (दौलताबाद) किल्ला

मध्ययुगीन दख्खनमधील एक प्रसिद्ध गिरिदुर्ग आणि यादवांची राजधानी. हा महाराष्ट्र राज्याच्या छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात, जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून वायव्येस सु. १५ किमी. अंतरावर, वेरूळकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. भोवतालच्या सपाट प्रदेशातून सु. १८० ते २०० मी. उंचीची एक सुटी, शंक्वाकार टेकडी एकाएकी वर आलेली असून तिच्या माथ्यावर, उतारांवर आणि पायथ्याशी किल्ल्याचे बांधकाम पसरलेले आहे. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही आणि मराठे अशा अनेक सत्तांशी या किल्ल्याचा संबंध आला. रचनेच्या दृष्टीने तो भारतातील सर्वांत दुर्गम किल्ल्यांपैकी एक गणला जातो. तथापि त्याच्या इतिहासात शत्रूने कडा चढून तो जिंकल्याचे प्रसंग आढळत नाहीत, तर उपासमार, फितुरी आणि तह यांमुळे तो वारंवार हस्तांतरित झाल्याचे दिसते. किल्ल्याची अभेद्य रचना आणि त्याचे पाडाव यांतील ही विसंगती समजून घेतल्याशिवाय देवगिरीचा इतिहास नीट उलगडत नाही.

यादवकाल : यादव घराणे प्रारंभी कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असून त्यांची सत्ता नासिक जिल्ह्यातील सिन्नरच्या परिसरात होती. चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाल्यावर पाचव्या भिल्लमाने १२ व्या शतकाच्या अखेरीस, सु. ११८७ मध्ये, स्वातंत्र्य पुकारले व देवगिरी येथे राजधानी वसविली. उत्तरेकडून तापीच्या खोऱ्यातून येणारे आणि पैठणमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात उतरणारे मार्ग या टेकडीच्या टापूत येऊन मिळत असल्याने राजधानीसाठी ही जागा सर्व दृष्टींनी सोयीची होती. भिल्लमानंतर जैतुगी आणि त्यानंतर दुसरा सिंघण (कार. सु. १२१०–४६) गादीवर आला. सिंघणाच्या कारकीर्दीत यादवांचे राज्य वैभवाच्या शिखरावर पोहोचले. संगीतरत्नाकर या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव हा त्याच्याच आश्रयास होता. पुढे कृष्ण, महादेव आणि रामचंद्र (रामदेवराव, कार. १२७१–१३११) यांच्या काळात देवगिरी हे राजकीय सत्तेप्रमाणेच विद्या व वाङ्‌मय यांचेही केंद्र बनले. चतुर्वर्गचिंतामणी या धर्मशास्त्रावरील बृहद्ग्रंथाचा कर्ता हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी श्रीकरणाधिप होता. १२९० मध्ये नेवासे येथे पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरी च्या समारोपात रामचंद्राचा गौरवाने उल्लेख केलेला आढळतो.

खलजींच्या स्वाऱ्या : देवगिरीच्या संपत्तीची कीर्ती उत्तरेत पोहोचली आणि तीच तिच्या नाशास कारण झाली. कडा येथील सुभेदार अलाउद्दीन खलजी याने आपला चुलता सुलतान जलालुद्दीन यास सुगावा न लागू देता १२९६ मध्ये काही हजार घोडेस्वारांनिशी विंध्य ओलांडला व अचलपूरमार्गे तो अकस्मात देवगिरीसमोर आला. यादवांचे मुख्य सैन्य त्या वेळी राजपुत्र शंकरदेवाबरोबर राजधानीपासून दूर होते. रामचंद्राने जमेल तेवढ्या लोकांनिशी प्रतिकार करून पाहिला व अखेर तो किल्ल्यात शिरला. शहर लुटले गेले. शंकरदेव परत आल्यावर त्याने तहाची बोलणी मोडून लढाई दिली. पारडे त्याच्या बाजूस झुकत असतानाच अलाउद्दीनने वेढ्यासाठी मागे ठेवलेली तुकडी धुरळा उडवीत रणांगणाकडे आली. दिल्लीचे मोठे सैन्य येऊन पोहोचल्याचा समज होऊन यादवांच्या फळीत गोंधळ माजला.

यानंतरही किल्ला शाबूत होता. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेल्या वृत्तांतानुसार, घाईघाईने वर चढविलेली पोती उघडून पाहता त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. कोकणातून मीठ घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी ती पोती किल्ल्याच्या पायथ्याशी टाकून पळ काढला होता व किल्ल्यातील लोकांनी ती धान्याची समजून आत घेतली होती. फिरिश्ता हा घटनेनंतर सु. तीन शतकांनी लिहीत होता, हे लक्षात घेऊन या कथेकडे पाहावे लागते. तथापि तिच्यातील मर्म इतिहासाशी सुसंगत आहे : युद्धाची पूर्वसूचना न मिळाल्यामुळे किल्ल्यात पुरेसा धान्यसाठा नव्हता आणि त्यामुळे रामचंद्रास तह करावा लागला. अपार सोने, मोती व जडजवाहीर आणि अचलपूर प्रांताचा महसूल देऊन त्याने आपली सुटका करून घेतली.

खंडणी थकल्यामुळे १३०७-०८ च्या सुमारास अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर देवगिरीवर चालून आला. रामचंद्रास दिल्लीस नेण्यात आले. पण तेथे त्याचा सन्मान होऊन त्यास ‘राय रायान’ हा किताब व राज्य परत मिळाले. यानंतरच्या वरंगळ व द्वारसमुद्र येथील स्वाऱ्यांत काफूरच्या सैन्यास देवगिरीहून साहाय्य मिळाले. रामचंद्रानंतर शंकरदेवाने मांडलिकत्व झुगारताच काफूरने १३१३ मध्ये त्याचा वध केला. पुढे हरपालदेवाने उठाव केला असता सुलतान कुत्बुद्दीन मुबारक खलजीने स्वतः दख्खनमध्ये येऊन १३१८ मध्ये त्यास अत्यंत क्रूरपणे ठार केले. यादव सत्तेचा येथे शेवट झाला.

तुघलक व दौलताबाद : मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीस राजधानीचा दर्जा देऊन तिचे दौलताबाद असे नामकरण केले. विस्तारलेल्या साम्राज्याचा मध्यवर्ती तळ दक्षिणेत असावा व नव्याने जिंकलेल्या दख्खनवर प्रत्यक्ष नियंत्रण राहावे, हा त्यामागील हेतू होता. दिल्ली शहर अगदी ओस पडले, असे वर्णन काही समकालीन लेखकांनी केले आहे. तथापि १३२७ व १३२८ सालचे दिल्लीच्या परिसरातील दोन संस्कृत शिलालेख तेथील जनजीवन चालू असल्याचे दर्शवितात. यावरून सक्ती मुख्यत्वे सरदार, अधिकारी, उलेमा व सूफी अशा वरिष्ठ वर्गांवर झाली असावी, असे आधुनिक इतिहासकारांचे मत आहे. ज्यांच्यावर ती झाली त्यांचे हाल मात्र खोटे नव्हते. फुतूहुस्सलातीन या काव्यमय इतिहासाचा कर्ता इसामी हा त्या वेळी पोरसवदा होता. त्याचे नव्वदीतील आजोबा दिल्ली सोडल्यानंतर पहिल्याच टप्प्यात निवर्तले. इसामीच्या लेखनात तुघलकाविषयी जो कडवटपणा आढळतो, त्याचे मूळ या अनुभवात आहे. राजधानीचा प्रयोग अल्पावधीतच फसला. परंतु त्यामुळे दख्खनमध्ये आलेले अनेकजण येथेच राहिले. बुऱ्हानुद्दीन गरीब हे सूफी संत त्यांपैकी एक होत. जवळच खुलदाबाद येथे त्यांचा दर्गा आहे. दख्खनमधील सूफी परंपरा आणि दखनी भाषा यांच्या घडणीत या स्थलांतराचा वाटा मोठा आहे.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा सु. १३४२ मध्ये दौलताबाद येथे आला होता. त्याने शहराचे तीन भाग सांगितले आहेत : सुलतानाच्या लष्कराचे दौलताबाद, कटक नावाचा दुसरा भाग आणि ‘द्वैगीर’ हा बालेकिल्ला. मैदानात उभ्या असलेल्या खडकास तासून त्याच्या माथ्यावर किल्ला बांधलेला आहे व तेथे चढण्यासाठी असलेली चामड्याची शिडी रात्री वर ओढून घेतली जाते, असे तो नमूद करतो. किल्ल्यातील अंधारकोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर असल्याचेही त्याने ऐकले होते. त्याच्या वर्णनावरून टेकडीचा कडा १४ व्या शतकाच्या मध्यापूर्वीच तासला गेला होता, असे निश्चितपणे म्हणता येते.

तुघलकाच्या अखेरच्या काळात दख्खनमधील अमीरांनी बंड करून दौलताबाद ताब्यात घेतले. सुलतानाने मैदानात त्यांचा पराभव केला, तेव्हा बंडखोरांचा एक गट बालेकिल्ल्यात शिरला. स्वतः सुलतानाने वेढा घालूनही तो हाती येईना. इतक्यात गुजरातेत बंडाळी उद्‌भवल्याने त्यास तिकडे जावे लागले. दरम्यान हसन (जाफरखान) याने बाहेर राहून शाही फौजेचा पराभव केला आणि दौलताबादचा वेढा उठला. ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबाद येथे हसन हा अलाउद्दीन हसन बहमनशाह या नावाने गादीवर बसला. बहमनी राज्याचा आरंभ या घटनेपासून होतो. किल्ला टिकला, तो आतील खडकामुळे. पण सुटला, तो बाहेरील फौजेमुळे, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

बहमनी व निजामशाही काल : बहमनींनी आपली राजधानी गुलबर्गा येथे हलविली, तरी दौलताबाद हे त्यांच्या वायव्य प्रांताचे मुख्य ठाणे राहिले. किल्ल्याच्या तटबंदीचा बराचसा भाग या व पुढील काळातील आहे. बहमनी सत्तेच्या विघटनाच्या वेळी मलिक वजीह व मलिक अशरफ या भावांकडे किल्ल्याचा कारभार होता. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह याने वजीहशी सोयरीक करून किल्ल्याशी सख्य जोडले. परंतु अशरफने भावाचा खून केल्याने ते सख्य संपुष्टात आले. वेढा घालून किल्ला हाती येत नाही, असे पाहून अहमदने निराळाच उपाय योजला. जुन्नर व दौलताबाद यांच्या दरम्यान अहमदनगर हे नवे शहर वसवून तेथून तो दरसाल सुगीच्या दिवसांत सैन्य पाठवी व दौलताबादच्या आसमंतातील उभी पिके लुटवी किंवा उद्‌ध्वस्त करी. काही वर्षांनी अशरफ मरण पावला आणि शिबंदीने १४९९ मध्ये किल्ला अहमदच्या स्वाधीन केला. डोंगरावरील दुर्गाचे पोट पायथ्याच्या शेतांवर अवलंबून असते, हे या युद्धपद्धतीने सिद्ध केले. त्याची किंमत अर्थातच त्या शेतांतील रयतेने मोजली.

निजामशाहीच्या काळात जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. संत एकनाथ बालवयातच पैठणहून येथे येऊन त्यांचे शिष्य बनले. गुरू समाधीत असता किल्ल्यावर परचक्र आले, तेव्हा एकनाथांनी त्यांचा वेष व शस्त्रे धारण करून ते परतविले, अशी आख्यायिका आहे. जनार्दनस्वामींचे स्थान किल्ल्यावर दाखविले जाते व आजही वारकरी आणि दत्तसंप्रदायी भाविक तेथे जातात. लष्करी ठाण्यात राहून गुरूच्या सेवेत हिशेब आणि अध्यात्म या दोहोंचे शिक्षण घेतलेल्या एकनाथांच्या वाङ्‌मयात दरबारी व प्रशासकीय शब्द सहजतेने येतात, ते या पार्श्वभूमीमुळेच.

१६३३ चा वेढा : १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा डाव पुन्हा उभारला. त्याने जवळच खडकी (पुढील औरंगाबाद) हे शहर वसविले व दौलताबादच्या संरक्षणाकडे विशेष लक्ष पुरविले. बाहेरच्या तटास अंबरकोट हे नाव त्याच्यावरूनच पडले. अंबर १६२६ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा फत्तेखान याच्या ताब्यात दौलताबाद असताना शाहजहानचा सेनापती महाबतखान याने १६३३ मध्ये वेढा घातला. सुरुंग उडवून प्रथम अंबरकोट व नंतर महाकोट पाडण्यात आला. आदिलशाही सेनानी रणदुल्लाखान व मुरार जगदेव आणि त्यांच्या बाजूने लढणारे शहाजीराजे भोसले यांनी बाहेरून मोगल फौजेस सतावले व किल्ल्यात धान्य पोहोचविण्याचे प्रयत्न केले. पण ते निष्फळ ठरले. आतील लोक मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर दिवस काढीत होते, असे मोगल दरबारी इतिहासात म्हटले आहे. अखेर जून १६३३ मध्ये फत्तेखानाने द्रव्य घेऊन किल्ला सोडला. बाल सुलतान हुसेन निजामशाह यास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवासात पाठविण्यात आले.

या घटनेस एक उपकथा जोडलेली आहे. महाबतखान बुऱ्हाणपूरकडे वळताच मुरार जगदेवाने दौलताबादला उलट वेढा घातला. किल्ल्यात धान्य थोडे आहे, हे तो जाणून होता. परंतु मोगल किल्लेदार खान दौरान याने भोवतालच्या रयतेस चांगले वागविल्यामुळे तिने त्यास धान्य पुरविले व हा वेढा उठवावा लागला, असे तोच दरबारी इतिहास सांगतो. त्यातील स्तुतीचा भाग वजा केला, तरी किल्ल्याचा टिकाव रयतेच्या विश्वासावर अवलंबून होता, ही कबुली महत्त्वाची आहे.

उत्तरकाल : १६३६ मध्ये शाहजहान येथे आला होता. मोगल अंमलात किल्ल्याचा उपयोग मुख्यतः लष्करी कोठार व बंदिशाळा म्हणून झाला. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह (तानाशाह) यास १६८७ नंतर चिनी महालात ठेवण्यात आले व तेथेच त्याचा अंत झाला. १८ व्या शतकात किल्ला हैदराबादच्या आसफजाही निजामांकडे गेला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये झालेल्या तहान्वये तो मराठ्यांना मिळाला. पण पानिपतनंतरच्या उलथापालथीत तो त्यांच्याकडे टिकला नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. सध्या हा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे.

तटबंदी व प्रवेशमार्ग : किल्ल्याच्या संरक्षणव्यवस्थेचे दोन भाग पडतात : पायथ्याचा बांधीव भुईकोट आणि खडकात कोरलेला बालेकिल्ला. पहिल्यात अंबरकोट, महाकोट व काळाकोट असे एकात एक कोट आहेत. अंबरकोटात सामान्य वस्तीचे शहर होते. महाकोटात सरदार व अधिकारी राहत. काळाकोटात राजवाडे होते. महाकोटाच्या मुख्य प्रवेशद्वाराची रचना विशेष अभ्यसनीय आहे. एकामागोमाग येणारे दरवाजे एका रेषेत नसून त्यांच्यामध्ये उंच भिंतींनी वेढलेली चौकासारखी रणमंडले आहेत. पहिला दरवाजा फोडून आत आलेल्या शत्रूस वळण घ्यावे लागे व त्या अवस्थेत तो चारही बाजूंच्या माऱ्यात सापडे. हत्तींच्या धडका बसू नयेत, म्हणून दरवाजांच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकले आहेत आणि त्यांच्यासमोर हत्तीस वेग घेता येईल एवढी मोकळी जागा ठेवलेली नाही.

काळाकोटाच्या वरच्या बाजूस, खंदकालगतच्या बुरुजावर पंचधातूची प्रसिद्ध मेंढा तोफ आहे. तिच्या मागील टोकास मेंढ्याचे मुख असून तिच्यावर औरंगजेबाचे नाव व ‘किला शिकन’ (किल्ला फोडणारी) हे तोफेचे नाव फार्सीत कोरलेले आहे.

बालेकिल्ला : टेकडीच्या खालच्या भागाचा नैसर्गिक उतार तासून सु. ४५ मी. उंचीचा उभा कडा तयार केलेला आहे व त्याच्या पायथ्याशी खडकात खोल खंदक खोदलेला आहे. या खंदकावरून आत जाण्यास एकच अरुंद वाट होती. पुलाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली ठेवलेला असल्याने खंदकातील पाण्याची पातळी वाढवून तो बुडविता येई. खंदक ओलांडल्यावर ‘अंधारी’ हा खडकात कोरलेला भुयारी मार्ग लागतो. त्यातील पायऱ्या असमान असून वाटेस वारंवार वळणे आहेत. त्यामुळे मशालीशिवाय पुढे सरकणे अशक्य होते आणि मशाल हाती असलेला मनुष्य अंधारातील पहारेकऱ्याचे सोपे लक्ष्य ठरे. भुयाराच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण होते. त्यावर विस्तव पेटवून आतील वाट धूर व उष्णता यांनी कोंडून टाकण्याची व्यवस्था होती. तासलेला कडा, खंदक व अंधारी यांपैकी कोणताही अडथळा हल्लेखोरांनी लढून पार केल्याचा प्रसंग वर वर्णिलेल्या पाडावांत नाही.

भुयारातून बाहेर पडल्यावर पायऱ्यांची वाट गणेशमंदिरावरून बारादरीकडे जाते. बारादरी ही मोगलकालीन वास्तू असून तिच्या सज्जातून भोवतालचा विस्तीर्ण प्रदेश दृष्टीस पडतो. सर्वांत वरच्या बुरुजावर तोफ असून माथ्याच्या परिसरात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत.

इतर वास्तू : भुईकोटातील पाणीपुरवठा हा येथील स्थापत्याचा महत्त्वाचा विशेष होय. जवळच्या डोंगरांतील तलावांतून खापरी नळांनी पाणी किल्ल्यात आणलेले होते. हत्ती हौद हा सहा मीटरांहून अधिक खोल असलेला विस्तीर्ण हौद व सरस्वती बावडी ही पायऱ्यांची विहीर यांवरून या व्यवस्थेची कल्पना येते. हत्ती हौदाजवळील जामी मशीद कुत्बुद्दीन मुबारक खलजीच्या काळात बांधली गेली. तिच्यातील शंभरांहून अधिक स्तंभ पूर्वीच्या मंदिरांचे आहेत. यादवांच्या राजधानीतील मंदिरस्थापत्य कसे होते, हे आज मुख्यतः या मशिदीतील स्तंभांवरूनच कळते. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर येथे भारतमातेची मूर्ती बसविण्यात आली व तेव्हापासून ही वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. समोरच असलेला चार मजली चांद मिनार बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशाह याच्या काळातील असून त्याच्या पायाजवळील लहान मशिदीत १४४५ सालचा फार्सी लेख आहे. वर निमुळता होत जाणारा गोलाकार खांब व प्रत्येक मजल्यास तोललेले सज्जे यांमुळे तो दख्खनमधील इस्लामी वास्तुकलेचा एक उत्कृष्ट नमुना मानला जातो. काळाकोटातील चिनी महालास त्याच्या भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या झिलईदार फरशांवरून हे नाव पडले. त्यांपैकी थोड्याच आता शिल्लक आहेत.

मूल्यमापन : देवगिरीची वाढ ही मुख्यतः भीतीतून झालेली वाढ आहे. राजधानीच्या नगराभोवती व बालेकिल्ल्याभोवती निरनिराळ्या राजवटींनी नवे तट, नवे दरवाजे व नव्या तोफा यांची भर घातली. त्यामुळे एकाच ठिकाणी सु. सहा शतकांच्या दुर्गविज्ञानाचा क्रमशः अभ्यास करता येतो, हे या किल्ल्याचे आगळे महत्त्व होय. परंतु त्याच्या इतिहासाचा निष्कर्ष या बांधकामाच्या उलट दिशेने जातो. १२९६ मध्ये धान्यसाठ्याची तयारी नव्हती. १४९९ मध्ये पायथ्याची शेते उजाड झाली होती. १६३३ मध्ये बाहेरची मदत आत पोहोचू शकली नाही. या तिन्ही वेळी बालेकिल्ल्याचा कडा अभंगच होता. याउलट १३४७ मध्ये बाहेरच्या फौजेने आणि १६३३ च्या उत्तरार्धात आसपासच्या रयतेने साथ दिल्यामुळे तो तगला. दुर्गाचे बळ त्याच्या खडकाइतकेच त्याच्या कोठारात, किल्लेदाराच्या इमानात आणि भोवतालच्या मुलखाच्या विश्वासात असते, हा धडा देवगिरीच्या भग्न तटांतून मिळतो.